गँडाल्फला वगळून घडलेला जादूगार

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून, एक खोका विक्रीला आला. आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई एक हजार प्रतींची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. रोल-प्लेइंग खेळ म्हणून आज जगभर जे काही खेळले जाते, त्याची सुरुवात या खोक्यापासून धरतात. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यायचे, ते पात्र काय करते ते बोलून सांगायचे, आणि समोर बसलेल्या सूत्रधाराने त्याचा परिणाम सांगायचा. जिथे शंका तिथे फासे. पण फासे टाकण्याआधीच एक गोष्ट ठरलेली असे : पात्राचा पेशा. सुरुवातीला पेशे तीनच होते, योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. कोणत्या पेशाच्या माणसाला काय जमते आणि काय जमत नाही, याच्या याद्या त्या पुस्तिकांत होत्या. या याद्यांतली बरीच कौशल्ये कथा-कादंबऱ्यांतल्या माणसांकडून घेतलेली होती, आणि त्यांतली काही त्या माणसांच्या खुणांसकट पन्नास वर्षांनंतरही टिकून आहेत.

कोणाकडून काय घ्यायचे, हे कशावरून ठरले? सर्वांत गाजलेली पात्रे घेतली असतील, किंवा निर्मात्यांना जी आवडली ती घेतली असतील, असे सहज वाटते. आवडीचा वाटा होता यात शंका नाही. तरी पुरावा नीट पाहिला तर वेगळेच दिसते. ज्या लेखकाने आपल्या नायकाचे कसब कसे चालते, कुठे थांबते आणि त्याची काय किंमत मोजावी लागते हे लिहून ठेवले होते, त्याचा नायक खेळात उतरला. ज्याने ते सांगितले नाही त्याचा नायक कितीही थोर असला तरी बाहेर राहिला. साहित्यिक मोठेपणाला या निवडीत फारसे स्थान नव्हते, आणि याचा सर्वांत ठळक पुरावा जादूगाराचा आहे. १९६५ साली टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या स्वस्त आवृत्त्या अमेरिकेत निघाल्या आणि विद्यापीठांतल्या मुलांनी त्या डोक्यावर घेतल्या. खेळ निघाला तेव्हा त्या वाचकवर्गात जादूगार म्हटले की त्या कादंबरीतला गँडाल्फच डोळ्यांपुढे येत असणार. पण या खेळातला जादूगार गँडाल्फ नाही. तो जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकातून आला आहे, आणि त्या पुस्तकाचे वाचक टोल्किनच्या वाचकांपुढे मूठभर होते.

व्हान्सच्या त्या जगात सूर्य विझत आला आहे. पूर्वीच्या युगांतले बहुतेक मंत्र नष्ट झाले आहेत आणि उरलेले थोडेसे जुन्या पोथ्यांत पडून आहेत. जादूगार कष्टाने ते पाठ करतात. मंत्र इतके जड असतात की माणसाच्या मेंदूत एका वेळी मोजकेच मावतात, आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मरणातून साफ पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडायची. गायगॅक्सने ही व्यवस्था जवळजवळ जशीच्या तशी उचलली. आजच्या दिवसासाठी कोणते मंत्र बरोबर घ्यायचे हे जादूगाराने आधी ठरवायचे. वापरला की संपला. याउलट गँडाल्फला दिवसातून किती वेळा आग पेटवता येते, थकल्यावर त्याचे काय होते, एखादी गोष्ट तो का करत नाही, हे टोल्किन फारसे सांगत नाही. सांगितले असते तर गँडाल्फ खुजा झाला असता. त्याचे गूढ हीच त्या कादंबरीची ताकद आहे. पण खेळाच्या टेबलाशी बसलेला खेळाडू विचारतो, ‘हे मला आणखी एकदा करता येईल का?’ आणि सूत्रधाराला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. व्हान्सच्या पुस्तकात ते उत्तर होते. गायगॅक्सने हे ऋण कधी लपवले नाही. खेळातल्या एका दुष्ट महामांत्रिकाचे ‘व्हेक्ना’ हे नाव तर व्हान्सच्या आडनावातल्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून केलेले आहे.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हा नवा पेशा आला. त्याची मूळ कल्पना कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंकडून आली होती, पण त्याला ठसठशीत रूप मिळाले ते पुस्तकांतून. व्हान्सचाच कुगेल आणि रॉजर झेलाझ्नीच्या ‘जॅक ऑफ शॅडोज’ या १९७१ च्या कादंबरीतला जॅक या दोघांच्या मिश्रणातून आपण हा पेशा घडवला, असे गायगॅक्सने पुढे लिहिले. जॅकची सारी शक्ती सावलीत असते. लख्ख उजेडात किंवा मिट्ट काळोखात, जिथे सावलीच पडत नाही तिथे, तो दुबळा होतो. खेळातल्या चोराला सावलीत दडण्याचे कसब मिळाले ते या वंशातून. कुगेलची खूण तर त्याहून स्पष्ट आहे. १९६६ च्या ‘द आइज ऑफ द ओव्हरवर्ल्ड’मध्ये हा धूर्त भामटा जादूगार नसतानाही मंत्र म्हणायला जातो, उच्चार चुकवतो आणि शत्रूसाठी योजलेले संकट स्वतःवर ओढवून घेतो. खेळातला चोर वरच्या पातळीला पोचला की त्यालाही मंत्राची गुंडाळी वाचता येई, आणि ती उलटण्याची शक्यताही नियमातच लिहिलेली होती. चोराने जादूची पोथी वाचावी आणि ती अंगाशी यावी, ही कल्पना चोर या शब्दातून आपोआप निघत नाही. ती एका विशिष्ट माणसाच्या एका विशिष्ट फजितीतून आली आहे. या पेशाचे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका कारणाने मोठे आहे. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, खिसा कापणे, पाय न वाजवता चालणे, अशी त्याची कसबे टक्केवारीत मांडलेली होती. पात्राच्या कौशल्याचा आकडा कागदावर लिहायचा आणि त्यावर फासे टाकायचे, ही पुढच्या असंख्य खेळांची रीत मुख्यतः या चोरापासून रुळली.

त्याच पुरवणीतला पॅलाडिन हा धर्मनिष्ठ वीर शार्लमेनच्या दरबारी आख्यानांतून आला असे त्याच्या नावावरून वाटते. पण गायगॅक्ससमोर पोल अँडरसनची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कादंबरी होती. १९५३ मध्ये ती मासिकातून आली आणि १९६१ मध्ये पुस्तकरूपाने. विसाव्या शतकातला होल्गर नावाचा एक डॅनिश अभियंता तिच्यात शार्लमेनकालीन दंतकथांच्या जगात जाऊन पडतो. धर्म आणि अनागोंदी या दोन पक्षांत सारे विश्व वाटले गेल्याची कल्पना याच कादंबरीत आहे. खेळात प्रत्येक पात्राला जी बाजू निवडावी लागे ती इथून, आणि काही अंशी मायकेल मूरकॉक या लेखकाकडून, आली. तोडलेले हातपाय पुन्हा येऊन जुळणारा आणि फक्त आगीनेच मरणारा ट्रोल राक्षसही अँडरसनचाच. उत्तर युरोपच्या लोककथांतला ट्रोल हा नव्हे. तो सूर्यप्रकाशात दगड होतो. आग लावल्याशिवाय मरत नाही, हे वाक्य वाचताक्षणी नियम म्हणून लिहून घ्यावे असे आहे, आणि तसेच झाले. पॅलाडिनच्या कौशल्यांनाही किंमत जोडलेली होती. हाताच्या स्पर्शाने जखम भरण्याची ताकद त्याला मिळे, पण धर्माची बाजू सोडली की पॅलाडिनपणच हातचे जाई.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. एल्फ, ड्वार्फ, हॉबिट, ऑर्क हे सारे टोल्किनचे, मग टोल्किनला बाहेर कसे ठेवता? १९७४ च्या प्रस्तावनेत गायगॅक्स एडगर राइस बरोजच्या मंगळावरच्या कथा, हॉवर्डचा कोनन, डी कँप व प्रॅट आणि फ्रिट्झ लायबर यांची नावे घेतो, टोल्किनचे घेत नाही. १९८५ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात लेख लिहून त्याने टोल्किनचा प्रभाव वरवरचा असल्याचे सांगितले. हा दावा पूर्णपणे स्वीकारता येत नाही. हॉबिट हा खास टोल्किनचा शब्द मूळ पुस्तिकांत होता आणि तो काही आभाळातून पडला नव्हता. पण टोल्किनकडून खेळाने नेमके काय घेतले ते पाहिले की माझे म्हणणे पक्केच होते. घेतल्या त्या जमाती, म्हणजे जगात कोण राहतात याची यादी. कौशल्याचे म्हणाल तर ठळक अपवाद एकच, रेंजर. हा पेशा १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत आला आणि तो उघडउघड टोल्किनचा अ‍ॅरागॉर्न आहे. माग काढणे, रानात जगणे, दूरचे दाखवणारी जादूची साधने वापरता येणे, सगळे त्याचेच. जोडीला अटी होत्या : अंगावर वाहून नेता येईल तेवढेच जवळ बाळगायचे, बाकीचे दान करायचे. अ‍ॅरागॉर्न माग कसा काढतो, गवत कुठे दबले आहे आणि त्यावरून काय ताडायचे, हे टोल्किनने कादंबरीत पानेच्या पाने सविस्तर लिहिले आहे. गँडाल्फच्या बाबतीत त्याने हात आखडता घेतला, अ‍ॅरागॉर्नच्या बाबतीत घेतला नाही. एकाच पुस्तकातली दोन माणसे, एक खेळात उतरला आणि एक नाही. माझ्या मते इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

दुसरा आक्षेप असा की या खेळाची मुळे साहित्यात नाहीतच, ती युद्धखेळांत आहेत. हे अर्धे खरे आहे. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक काढले होते. त्याच्या शेवटी अद्भुत कथांसाठी एक पुरवणी होती, आणि तिच्यात ‘हीरो’ म्हणजे चार सैनिकांच्या बरोबरीचा एक माणूस असा हिशेब होता. योद्ध्याचा पेशा या हिशेबातून वाढला, म्हणूनच सुरुवातीच्या योद्ध्याला लढण्यापलीकडे सांगण्यासारखे कसब नव्हते. धर्मगुरूचा उगम तर चित्रपटाकडे बोट दाखवतो. मिनेसोटातल्या आर्नेसनच्या खेळात एका खेळाडूचा रक्तपिपासू ‘सर फँग’ अनावर झाला, आणि त्याला आवरायला कोणीतरी हवे म्हणून पिशाच्चांना पळवून लावणारा धर्मगुरू तयार झाला. नमुना होता हॅमर कंपनीच्या भयपटांतला, पीटर कुशिंगने साकारलेला व्हॅन हेल्सिंग. पण व्हॅन हेल्सिंग हे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’तले पात्र आहे, आणि क्रूस पुढे केला की पिशाच्च मागे हटते हा त्या पुस्तकातलाच नियम. चित्रपट हा मधला वाटाड्या झाला, एवढेच. युद्धखेळाने मोजण्याची शिस्त दिली हे मान्य. मोजायचे काय, हे कथांनी दिले.

आणखी एक शंका अभ्यासू वाचक घेतील. चोर, वीर, मांत्रिक हे सगळ्या संस्कृतींत आढळणारे साचे आहेत, मग विशिष्ट लेखकांना श्रेय कशाला? साच्यातून पेशाचे नाव मिळते, नियम मिळत नाही. मांत्रिक सगळीकडे आहेत, पण बहुतेक ठिकाणी मंत्र जितका जपावा तितका पक्का होतो, वापरल्याने विसरत नाही. विसरणारा मांत्रिक व्हान्सचा. साचा सगळ्यांचा असतो; त्यातली तऱ्हा एकाचीच असते, आणि खेळाने तऱ्हा घेतली आहे.

मात्र या घेण्यात एक नुकसान झाले, ते नजरेआड करणे मला पटत नाही. हॉवर्डचा कोनन तरुणपणी चोर असतो. १९३३ च्या ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’मध्ये तो गुळगुळीत मनोऱ्यावर चढतो. पुढे तो भाडोत्री सैनिक, चाचा आणि शेवटी राजा होतो. लायबरचे फाफर्ड आणि ग्रे माउझर दोघेही तलवारबहाद्दर आहेत आणि दोघेही चोर; माउझर तर उमेदीच्या काळात एका मांत्रिकाचा शिष्य होता. त्यांच्या आयुष्यात ही कसबे एकमेकांत मुरलेली आहेत. खेळाने ती सुटी केली आणि वेगवेगळ्या पेशांना वाटून टाकली. परिणाम असा की १९७९ पासून ‘ड्रॅगन’ मासिकात ‘जायंट्स इन द अर्थ’ या सदरातून कादंबऱ्यांतल्या नायकांचे गुण आकड्यांत मांडले जाऊ लागले, आणि १९८० च्या ‘डिइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये खुद्द फाफर्ड आणि माउझर आले, तेव्हा त्यांना एका पेशात बसवताच येईना, एकेकाला एकाहून अधिक पेशांच्या पातळ्या द्याव्या लागल्या. ज्यांच्यावरून पेशे केले तेच पेशांत मावेनात. शिवाय चोराला दबकत चालण्याचा आकडा मिळताच प्रश्न आला की योद्ध्याला दबकत चालता येत नाही काय? या प्रश्नावर खेळाडू वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कौशल्यांची एक सामाईक यादी आली आणि कोणत्याही पेशाच्या पात्राला ती शिकण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे ही गाठ बरीचशी सुटली.

इतर खेळकर्त्यांनी दुसरा रस्ता धरला, आणि माझ्या मते तो अधिक समजूतदार होता. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’त सँडी पीटरसनने लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथांतली विद्या घेतली ती तिच्या शापासकट. निषिद्ध ग्रंथ वाचून ज्ञानाचा आकडा जितका वाढतो, तितकी मनाच्या स्थैर्याची कमाल मर्यादा खाली येते. लव्हक्राफ्टच्या प्राध्यापकांचे नेमके हेच होते. ग्रेग स्टॅफर्डने १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये आर्थर राजाच्या आख्यानांतल्या सरदारांचे स्वभावच नियमांत आणले : दया आणि क्रौर्य, शौर्य आणि भित्रेपणा अशा जोड्या, आणि त्यांच्या आकड्यांवर फासे. तिथे तलवार कशी चालवता याच्या इतकेच, मोह झाला तर काय करता, यालाही महत्त्व आले. कादंबरीतल्या माणसाचे कसब घ्यायचे तर त्याचा पेच बरोबर घ्यावा लागतो, हे या दोघांनी ओळखले होते.

कसब माणसापासून सुटे झाल्याचा कायद्याच्या बाजूनेही पुरावा मिळतो. १९७७ मध्ये टोल्किनच्या कृतींचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीने हरकत घेतली, तेव्हा हॉबिटचे ‘हाफलिंग’ झाले, एंटचे ‘ट्रिएंट’ झाले, बॅलरॉग हे नाव गेले. रेंजर मात्र जिथल्या तिथे राहिला. ‘डिइटीज अँड डेमिगॉड्स’च्या सुरुवातीच्या छपायांतली लव्हक्राफ्ट आणि मूरकॉक यांच्या विश्वांची प्रकरणे पुढे काढली गेली, कारण त्यांचे खेळाचे हक्क केऑसियम या दुसऱ्या कंपनीकडे होते. माणसाच्या नावावर मालकी सांगता आली. माग काढण्यावर किंवा मंत्र विसरण्यावर कोणाला सांगता आली नाही.

‘डिइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये, आणि त्याआधी १९७६ च्या ‘गॉड्स, डेमि-गॉड्स अँड हीरोज’मध्ये, एक भारतीय प्रकरणही आहे. इंद्र, अग्नी, काली यांना चिलखताचे आणि प्राणबलाचे आकडे दिलेले आहेत. श्रद्धेच्या अंगाने त्यावर हरकत घेता येईल. माझी हरकत कारागिरीच्या अंगाने आहे. या खेळाने कथांतून ज्या प्रकारचे साहित्य शोधले, ते भारतीय परंपरेत देवांच्या नामावलीत नाही, महाभारतातल्या माणसांत आहे. कवचकुंडले देऊन कर्णाने मिळवलेली शक्ती एकदाच वापरता येते आणि घटोत्कचावर ती खर्ची पडते. परशुरामाकडून खोटे बोलून शिकलेले अस्त्र ऐन गरजेच्या वेळी आठवणार नाही, हा त्याच्यावरचा शाप व्हान्सच्या शेकडो वर्षे आधीचा. अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर अस्त्र सोडता येते, परत घेता येत नाही. चालण्याची रीत, मर्यादा आणि किंमत, तिन्ही इथे लिहून ठेवलेली आहेत, तीही पेचासकट. मराठीतून असा खेळ रचू पाहणाऱ्या तरुणांनी देवांना आकडे वाटण्याचा तो रस्ता पुन्हा धरू नये. वनपर्वातले नलोपाख्यान उघडावे. तिथे ऋतुपर्ण राजा नळाला फाशांची विद्या देतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या घेण्याचे ठरवतो, ती विद्या मिळताच कली नळाच्या अंगातून बाहेर पडतो, आणि तिच्याच जोरावर नळ पुष्कराकडून आपले राज्य परत जिंकतो.